जुन्या सोबत्याशीच लढायचंय आणि तो आमची प्रत्येक खोड ओळखून आहे, तयारी कशी करू?

ढालवाली:

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, पार्टी (आमचा गट) नवव्या लेव्हलला. मी पॅलाडिन, म्हणजे शपथबद्ध योद्धा, खेळते (ओथ ऑफ डिव्होशन), सोबत क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारी), धनुष्यवाला रेंजर आणि एक चोर, थीफ सबक्लास. पाचवा आमचा विझर्ड (जादूगार), इल्वार. तो मेला असता तर हा धागा काढायची वेळच आली नसती.

इल्वार मुळात आमच्याच एका मित्राचं कॅरेक्टर. मित्राला वेळ जमेना म्हणून त्याने खेळ सोडला. जाताना डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) म्हणाला, "याचं काय वाट्टेल ते कर, फक्त कंटाळवाणं मरण देऊ नकोस." डीएमने शब्द पाळला. एनपीसी (डीएमने चालवायचं पात्र) झाल्यावरही इल्वार आमच्यासोबत गुण्यागोविंदाने फिरला, रात्रीचे पहारे दिले, आमच्या चोरीच्या मालात वाटा घेतला. मग बुडालेल्या देवळाच्या तळघरात किल्लीचा तिसरा आणि शेवटचा तुकडा सापडला. मी दोन्ही हातांनी दगडी झाकण पेलून उभी, क्लेरिकचे स्लॉट (मंत्र टाकायचा दिवसाचा कोटा) संपलेले, रेंजर वर दोर धरून, आणि चोर झाकणाखाली कंबरेपर्यंत आत. तिने तुकडा वर दिला. इल्वारने तो घेतला, पिशवीत टाकला, पिशवीची नाडी आवळली (डीएमने हे नाडी आवळणं टेबलावर हाताने करून दाखवलं, सावकाश, मेल्याने!) आणि मला म्हणाला, "झाकण सोडू नकोस हं." डायमेन्शन डोअर, क्षणात दूर नेणारी स्पेल (मंत्र). गेला. तिन्ही तुकडे त्याच पिशवीत.

केसाने गळा कापला. टेबलावर मिनिटभर कोणी बोललंच नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले.

आता तो एका ओसाड वेधशाळेत बसलाय, पुढच्या सेशनला आम्ही तिथे धडकणार. मधे घुमटाखालचं गोल दालन, साधारण ८० फूट व्यासाचं, एकच दरवाजा, बाहेर जिना. अडचण ही की आमचं त्याला पाठ आहे. पहिल्या फेरीत मी सरळ धावून जाते हे त्याला ठाऊक. क्लेरिक तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट कायम रिव्हिव्हिफायसाठी (नुकत्याच मेलेल्याला उठवायला) राखून ठेवते, तेही ठाऊक. वर चोराचा जुना झगा त्याच्याकडे राहिलाय, म्हणजे स्क्राइंगची (दुरून चोरून बघायच्या स्पेलची) सोय झाली.

दुसरा प्रश्न, यावरून आमच्यात जुंपलीय. इल्वारचं कॅरेक्टर शीट (त्याच्या सगळ्या ताकदीची नोंद) अजून आमच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे. उघडून बघावं का? चोर म्हणते बघा, क्लेरिक म्हणते ही फसवणूक. रेंजर म्हणतो जेवताना बोलू.

पहिला_वार:

शीट राहू दे बाजूला. विझर्डशी लढताना एकच गोष्ट मोजायची: त्याची रिअॅक्शन. दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी ही कृती फेरीत एक मिळते, त्याची पाळी सुरू झाली की परत येते. शील्डही (बचावाची स्पेल) त्यातूनच आणि काउंटरस्पेलही (समोरच्याची स्पेल मोडणारी) त्यातूनच. दोन्ही एकाच फेरीत करता येत नाहीत. बहुतेक पार्ट्या नेमकं उलटं करतात, आधी मोठी स्पेल टाकतात, ती काउंटर होते, मग बाण मारत बसतात.

तुमच्यात रेंजर आहे ना? त्याला पुढे करा. दोन बाण. विझर्डचा एसी (फटका चुकवायचा आकडा) असा कितीसा असणार, लागतीलच. मग त्याला ठरवावं लागतं: शील्ड टाकून एसी पाचने वाढवायचा की बाण खाऊन रिअॅक्शन काउंटरस्पेलसाठी जपायची. शील्ड टाकली की ती फेरी क्लेरिकची. नाही टाकली तर रक्त सांडलंच. शिवाय तो कसल्या स्पेलवर कॉन्सन्ट्रेट करत असेल तर दर फटक्याला वेगळी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (ती स्पेल टिकवायला टाकायचा फासा), डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. लहान लहान फटके जास्त कामाचे.

काउंटरस्पेलची रेंज ६० फूट. सायलेन्सची (आवाज बंद करणाऱ्या स्पेलची) १२०. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेव आणि विचार कर.

आणि मुख्य म्हणजे, जो डायमेन्शन डोअरने पळाला तो पुन्हा तसाच पळणार. ५०० फूट. मारायची तयारी सगळे करतात, पळू न देण्याची कोणी करत नाही. तू त्याला ग्रॅपल कर (पकडून ठेव), क्लेरिक त्या जागेवर सायलेन्स टाकेल. मिस्टी स्टेप (जवळच्या जवळ गायब होऊन सटकायची) आणि डायमेन्शन डोअर दोन्ही तोंडाने म्हणायच्या स्पेल. तोंडच बंद तर जाणार कुठे?

नियमपुस्तक:

वरचा बेत चांगला आहे, पण दोन भोकं बुजवून घ्या.

एक. २०१४ च्या नियमांत काउंटरस्पेलला फक्त हाताची हालचाल लागते, आवाज लागत नाही. सायलेन्समध्ये उभा राहूनही तो काउंटर करू शकतो. हिप्नॉटिक पॅटर्नलाही आवाज लागत नाही, फक्त हात आणि वस्तू. म्हणजे गप्प बसवलेला विझर्ड तुमच्या निम्म्या पार्टीला डोळे विस्फारून उभं करू शकतो. शील्ड, फायरबॉल, मिस्टी स्टेप, डायमेन्शन डोअर मात्र नक्की बंद. हिप्नॉटिक पॅटर्नवर उतारा तुमच्याकडेच आहे: डिव्होशन पॅलाडिनचा सातव्या लेव्हलचा ऑरा. तुला आणि तुझ्या १० फुटांतल्या सोबत्यांना चार्म (मोहित) करता येत नाही. त्यामुळे पांगू नका, विशेषतः चोराने तुला चिकटून राहायचं.

ग्रॅपल म्हणजे स्पीड शून्य, एवढंच. हात बांधले जात नाहीत. टेबलावर कोणीतरी हमखास म्हणतं, "मी त्याचे हात धरलेत ना!" हात धरणं नियमात नाही, डीएमने दिलं तर दिलं. आधीच विचारून ठेवा.

दोन. तो मधोमध उभा असेल तर दारापासून ४० फुटांवर आला. क्लेरिक दारात दिसली की सायलेन्स काउंटर झालीच समजा. दुसऱ्या पातळीची स्पेल आहे, तिला रोलसुद्धा लागत नाही. म्हणून क्लेरिकने जिन्यावर, भिंतीआड उभं राहून स्पेल रेडी करायची आणि मग आतलं दिसेल एवढं पुढे सरकायचं. रेडी करताना स्पेल तेव्हाच म्हटली जाते, फक्त सोडायची बाकी राहते. काउंटरस्पेलला म्हणणारा दिसावा लागतो. दिसलाच नाही तर काउंटर कशाला करणार? ट्रिगर ठेवा: "पॅलाडिनने त्याला धरलं की." मग पाळीचा क्रम कसाही लागो, धरणं आणि गप्प करणं एकाच क्षणी होतं. धोका एवढाच की क्लेरिकची पुढची पाळी येईपर्यंत तू पोचली नाहीस तर स्लॉट वाया.

आता तुझ्या सदस्यनामाबद्दल. ग्रॅपलला एक हात मोकळा लागतो. तलवार आणि ढाल घेऊन गेलीस तर कशाने धरणार? तलवार टाकायला वेळ लागत नाही, ढाल उतरवायला पूर्ण अॅक्शन जाते. तेव्हा ढाल जिन्यातच ठेवून आत जा. एसी दोनने उतरेल.

ढालवाली:

ढाल?? ती ढाल पहिल्या लेव्हलपासून आहे माझ्याकडे. तिच्यावर ड्रॅगनच्या दाताची खूण आहे!

पहिला_वार:

म्हणून तर ठेव. त्याने तुला ढालीशिवाय पाहिलंय का कधी?

पडद्यामागची:

मी गेली बरीच वर्षं डीएमच्या खुर्चीत बसते, त्यामुळे थोडं पलीकडच्या बाजूने सांगते.

शीटबद्दल. उघडू नका, पण क्लेरिक म्हणते त्या कारणासाठी नाही. तुम्ही चौघं त्याच्यासोबत एवढं फिरलात, त्याने तुमच्यासमोर काय काय टाकलं हे तुमच्या कॅरेक्टर्सना माहीत असायलाच हवं. एक कागद घ्या आणि आठवून लिहून काढा. कुठल्या लढाईत काय टाकलं, कशाला घाबरला, पाळीतली जादाची छोटी कृती म्हणजे बोनस अॅक्शन कशावर घालवायचा. कोणाच्या नोंदी असतील तर त्या चाळा. ही यादी शीटपेक्षा चांगली निघते, कारण शीटवर काय *आहे* ते असतं आणि यादीत तो काय *वापरतो* ते. नवव्या लेव्हलच्या विझर्डच्या वहीत बावीस तरी स्पेल असतात, त्यातल्या तयार असतात तेरा-चौदा, आणि घाम फुटला की माणूस त्यातल्या चार-पाचच टाकतो. शिवाय तो तुम्हाला सोडून गेल्यावर डीएमने वहीत काय भर घातली हे त्या जुन्या शीटवर नाहीच. ती वाचून तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल.

मग ती यादी डीएमसमोर ठेवा आणि थेट विचारा: "आमचं माहीत असलेलं हे एवढं. आता त्याला आमच्याबद्दल कुठपर्यंतचं माहीत आहे?" चांगला डीएम याचं उत्तर देतो. तो गेला त्या दिवसापर्यंतचं सगळं, त्यानंतरचं त्याने शोधून काढलं तरच. ही रेघ एकदा ओढली की तुमची तयारी कुठे करायची ते आपोआप कळतं: रेघेच्या अलीकडे जे बदललंय तिथे. नवीन लेव्हलला रेंजरने काय घेतलं? क्लेरिक रोज सकाळी यादी बदलू शकते, मग तिने तीच जुनी का ठेवावी? तो रिव्हिव्हिफायचा स्लॉट एक दिवस दुसऱ्या कशावर घालवा. तो तुमच्या स्टॅट्सवर डाव लावणार नाही, तुमच्या सवयींवर लावेल.

काही टेबलांवर बेत डीएमपासून लपवायची टूम निघते. डीएमला पाणी आणायला पाठवून कुजबुज वगैरे. नका करू. "रेडी केलेली स्पेल भिंतीआडून" हा प्रकार ऐन लढाईत पहिल्यांदा त्याच्या कानावर गेला तर तो गोंधळून नाही म्हणेल आणि तिथेच वाद सुरू होईल. आधी सांगा, निर्णय घ्या, मग मोकळेपणाने खेळा. डीएमला माहीत असणं आणि इल्वारला माहीत असणं वेगळं, तेवढा विश्वास नसेल तर ते दुखणं या धाग्यात बरं होणार नाही.

आता स्क्राइंग. हिशोब नीट बघा. चांगली ओळख असेल तर समोरच्याच्या सेव्हला उणे ५. अंगावरचं कापड हाताशी असेल तर आणखी उणे ४. म्हणजे तुमच्या चोराला विस्डम सेव्ह उणे ९ ने. चोरांना विस्डमची प्रोफिशियन्सी (सरावाची भर) नसते. ती पकडली जाणारच, हे धरून चाला. पण त्याच्या बाजूची किंमतही मोजा. नवव्या लेव्हलला पाचव्या पातळीचा स्लॉट त्याच्याकडे एकच. स्क्राइंग तोच खाते, आणि बघायला मिळतात जास्तीत जास्त दहा मिनिटं. आर्केन रिकव्हरीने तो स्लॉट शॉर्ट रेस्टनंतर परत घेता येईल, पण ती सोयही दिवसातून एकदाच. लढाईच्या दिवशी त्याला दोनदा बघायला लावलंत तर त्याच पातळीचा कोन ऑफ कोल्ड (गारठ्याचा मारा) गेला.

नॉनडिटेक्शन (स्क्राइंगपासून लपवणारी स्पेल) रेंजरच्या यादीत आहे आणि नवव्या लेव्हलला त्याला तिसऱ्या पातळीचे स्लॉट नुकतेच मिळालेत. २५ सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड, आठ तास. मी असते तर ती *तुझ्यावर* टाकली असती आणि चोराला मुद्दाम उघडं सोडलं असतं. तिच्यासमोर बसून बाकीच्यांनी रोज खोटा बेत ठरवायचा. "पॅलाडिन पहिल्यासारखी समोरून धावेल, क्लेरिक मागे राहील." त्याला ऐकायचंय तेच ऐकवा.

चोरपाऊल:

म्हणजे आमिष पुन्हा चोराचंच. झाकणाखालीही तीच होती. असो, सवय आहे.

विझर्डकडे फॅमिलिअर (मंत्राने बोलावलेलं सोबतीचं जनावर) होतं का? असेल तर पहिला बाण त्याला. घुबड असेल तर एकच हिट पॉइंट (जीव). परत बोलवायला तास लागतो. आणि विझर्डला त्याच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर १०० फुटांच्या आत असावं लागतं, म्हणजे तो घुबडाच्या डोळ्यांनी बघत असेल तर स्वतः आंधळा-बहिरा झालाय आणि जवळच आहे, दोन्ही कळतं.

खरा मुद्दा. तुम्हाला तो मेलेला हवाय की पिशवी हवीये? एकदा ठरवा. थीफला फास्ट हँड्स असतं, स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी) बोनस अॅक्शनमध्ये. पॅलाडिनने धरलंय, आवाज बंद आहे, नाडी आवळलेली पिशवी कमरेला आहे. चोराने पळत यायचं, अॅक्शनने सुरा खुपसायचा, बोनस अॅक्शनने नाडी कापायची, आणि त्याच पाळीत उरेल तेवढं अंतर दाराकडे सुटायचं. पिशवी दाराबाहेर गेली की लढाई तुम्ही जिंकलीत, मग तो पळाला तरी काय?

ढालवाली:

घुबड होतं! आम्ही त्याला पंत म्हणायचो. पंताला मारायचं म्हणजे जिवावर येतंय, खांद्यावर बसायचा माझ्या.

पिशवीवरून मात्र आमच्यात आत्ताच फोनवर भांडण झालं. रेंजरला तो मेलेलाच हवाय. क्लेरिकला विचारायचंय, "का केलंस?" मला खरं तर दोन्ही.

नियमपुस्तक:

"का" विचारायचं असेल तर क्लेरिकने सायलेन्सऐवजी दुसरं काही आणावं. गप्प केलेला माणूस उत्तर देत नाही. मेल्यावर स्पीक विथ डेड आहे, पाच प्रश्न. पण प्रेताला खरं बोलायचं बंधन नसतं.

जिवंत पकडायचं असेल तर शेवटचा फटका जवळून मारलेला हवा, तेव्हाच शून्यावर आणून नुसतं बेशुद्ध करता येतं. बाणाने नाही. म्हणजे रेंजरला शेवटच्या टप्प्यात थांबवावं लागेल. बघा जमतंय का.

पहिला_वार:

२०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला (शत्रूंच्या पुस्तकातला) मेज, म्हणजे जादूगार, ४० हिट पॉइंटचा असतो. पॅलाडिनचा एक स्माइट, दोन बाण, चोराचा स्नीक अॅटॅक, पहिल्याच फेरीत आडवा. डीएमने एवढं नाट्य उभं केलंय म्हटल्यावर तो नक्कीच जास्त जीव देणार, सोबत दोन-चार दगडी पहारेकरी ठेवणार. त्यांच्यासाठी रेंजर राखा. आणि आत शिरताना उंबरा आणि पायऱ्या तपासा. ग्लिफ ऑफ वॉर्डिंगला (फुटणारं सापळ्याचं चिन्ह आखायला) तासभर लागतो आणि त्याच्याकडे वेळच वेळ आहे. जो धावत येणार हे माहीत आहे, तिच्या वाटेवर मी तरी पाच डी८ (आठ बाजूंच्या पाच फाशांएवढी इजा) पेरून ठेवले असते.

पडद्यामागची:

आणखी एक. ज्या मित्राचं कॅरेक्टर होतं, त्याला त्या एका सेशनला बोलवा ना. इल्वारचे संवाद त्याला बोलू दे, फासे डीएम टाकेल. सोडून गेलेल्या खेळाडूच्या कॅरेक्टरचा शेवट त्याच्या पाठीमागे करणं मला बरं वाटत नाही, आणि "का केलंस" याचं उत्तर त्याच्याकडून ऐकायला जास्त मजा येईल.

ढालवाली:

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं.

शीट डीएमने फोल्डरमधून काढून घेतलं, वाद संपला. आठवून यादी केली, मिस्टी स्टेप आणि शील्ड सगळ्यांना आठवलं. हिप्नॉटिक पॅटर्न फक्त क्लेरिकला आठवलं, कारण त्याने ते एकदा चुकून तिच्यावरही टाकलं होतं. भिंतीआडून रेडी करणं डीएमने मान्य केलं. हात धरणं अमान्य. तो गेला त्या दिवसाची रेघ ओढली, तेव्हा डीएम इतकं गोड हसला की सगळ्यांना खात्री पटली, त्याने स्क्राइंग कधीच सुरू केलंय.

नॉनडिटेक्शन माझ्यावर. खोटा बेत चोरासमोर. आत शिरताना मी दारातून नाही, रेंजरच्या दोराने घुमटाच्या फटीतून उतरणार, म्हणजे उंबऱ्यावर काय पेरलंय ते पेरलेलंच राहील. पंताला रेंजर बघेल, मी बघणार नाही. ढाल जिन्यात. पिशवी पहिली, तो नंतर. रेंजर नाराज आहे.

मित्राला विचारलं. येतोय! खूश झाला, म्हणाला इल्वारची कारणं त्याने डीएमला तेव्हाच लिहून दिली होती. म्हणजे हे दोघं आम्हाला तेव्हापासून खेळवतायत.

चोरपाऊल:

थांब. तो मित्र हा धागा वाचत असेल तर?

ढालवाली:

वाचतोच. या साइटचं नाव मला त्यानेच सांगितलं होतं. म्हणून वरच्या बेतातली एक गोष्ट खोटी आहे.

नियमपुस्तक:

दोर ना? घुमटाच्या फटीतून उतरलीस तर जिन्यावर भिंतीआडची क्लेरिक तुला उतरताना बघणार कशी आणि रेडी कधी करायचं हे तिला कळणार कसं?

ढालवाली:

🤐

पहिला_वार:

मी ढालीवर पैज लावतो. सेशन झालं की लिही.